समुद्राचें मुद्दल

समुद्र अथांग आहे, म्हणून त्यांतील मासळीहि अक्षय असली पाहिजे, ही समजूत फार जुनी आहे. आणि ती केवळ अडाणी लोकांचीच होती असें नव्हे. १८८३ सालीं लंडन येथें मत्स्योद्योगाचें एक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें होतें. त्या प्रसंगीं टॉमस हक्सले या नामांकित जीवशास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें कीं, कॉड, हेरिंग, बांगडा यांसारख्या समुद्री मासळीचे मोठे साठे बहुधा अक्षय आहेत आणि मनुष्याच्या मासेमारीनें त्यांना म्हणण्यासारखा धक्का लागणार नाहीं.

या मताला आधार नव्हता असें नाहीं. कॉड माशाची एक मादी एका हंगामांत लक्षावधि अंडीं घालते. इतर मासे, पक्षी व सील यांच्या पोटांत जी मासळी जाते तिच्यापुढें मनुष्याच्या जाळ्यांत सांपडणारी ती किती? शिवाय मासे विरळ झाले म्हणजे मासेमारी परवडेनाशी होईल आणि कोळी आपोआप थांबतील, असाहि त्या काळचा तर्क होता. हक्सलेनें आपल्या विधानाला एक पुस्ती मात्र जोडली होती: हें सर्व त्या काळच्या साधनांपुरतें आहे. पुढें विधान तेवढें लोकांच्या ध्यानांत राहिलें आणि पुस्ती विसरली गेली. वाफेचीं व मागाहून तेलाचीं जहाजें आलीं. समुद्राचा तळ खरवडीत जाणारें ट्रॉल जाळें आलें. धरलेली मासळी जहाजावरच गोठविण्याची सोय झाली. आणि ध्वनिलहरींच्या योगानें माशांचे थवे हुडकून काढणारें यंत्र आलें. साधनें पालटलीं, तेव्हां त्यांच्यावर उभारलेल्या सिद्धान्ताचा पायाहि निसटला.

याचा पुरता अनुभव उत्तर अमेरिकेच्या पूर्वेस, न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या उथळ समुद्रांत आला. १४९७ सालीं जॉन कॅबट हा दर्यावर्दी तिकडे जाऊन परतला, तेव्हां तेथील समुद्रांत नुसत्या टोपल्या सोडूनहि मासे काढतां येतात अशी वार्ता युरोपांत पसरली. हा मासा म्हणजे कॉड. तो खारवून व वाळवून दूरदूरच्या देशांत जाऊं लागला आणि त्याच्याच जिवावर बेटाच्या किनाऱ्यावर शेंकडों लहान गांवें वसलीं. जवळजवळ पांच शतकें हा व्यवहार चालला. १९५० नंतर मात्र युरोपांतील मोठमोठीं कारखानी जहाजें तेथें दिवसरात्र जाळीं ओढूं लागलीं आणि १९६८ सालीं उत्तरेकडील कॉडचें उत्पन्न सुमारें ८ लक्ष टनांवर गेलें. तितकें तें पूर्वीं कधीं गेलें नव्हतें व पुढेंहि कधीं गेलें नाहीं.

१९७७ सालीं कॅनडानें किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या ताब्यांत घेतला. परदेशी जहाजें बहुतांशीं दूर झालीं आणि आतां साठा पुन्हा भरेल असें सर्वांना वाटलें. परंतु परक्यांच्या जागीं स्वतःचीं ट्रॉलर जहाजें उभीं करण्याची घाई त्या देशानेंहि केली. लहान होड्यांतून किनाऱ्यालगत मासेमारी करणारे लोक १९८० नंतरच्या दशकांत तक्रार करूं लागले कीं, मासा कमी येतो आणि येतो तोहि लहान. सरकारी गणितांत मात्र सर्व ठीक दिसत होतें. याचें कारण मोठें मासलेवाईक आहे. साठ्याचा अंदाज करतांना, ट्रॉलरला तासाभरांत किती मासळी मिळते, या आंकड्यावर बराच भरंवसा ठेवलेला होता. आणि मासे कमी झाले तरी उरलेले कॉड दाट थव्यांनीं एकत्र राहात. यंत्राच्या साहाय्यानें ट्रॉलर नेमका त्या थव्यावर जाई आणि त्याचें जाळें पूर्वीप्रमाणेंच भरे. कोठार रिकामें होत चाललें होतें, पण मापारी उरलेल्या राशीवरच माप भरीत होता. किनाऱ्यावरच्या कोळ्याला थव्याच्या पाठीमागें जातां येत नव्हतें. तो आपल्या ठरलेल्या जागीं जाळें लावून बसे, म्हणून त्याला खरी स्थिति आधीं कळली.

पुढें शास्त्रज्ञांच्याहि ही चूक ध्यानांत आली. १९८९ सालासाठीं त्यांनीं सल्ला दिला कीं, सुमारें १ लक्ष २५ हजार टनांहून अधिक मासळी काढूं नये. एवढी मोठी कपात एकदम केली तर कारखाने बंद पडतील, माणसें बेकार होतील, या भीतीनें सरकारनें मर्यादा ठरविली ती २ लक्ष ३५ हजार टनांची. ही भीति खोटी नव्हती. मात्र ती टाळण्याच्या उपायानेंच ती अनेक पटींनीं खरी ठरली. २ जुलै १९९२ रोजीं मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनीं, जे स्वतः त्याच प्रांताचे रहिवासी होते, कॉडची मासेमारी संपूर्ण बंद केल्याचें जाहीर केलें. सुमारें ३० हजार माणसांचा धंदा एका दिवसांत गेला. ही बंदी दोन वर्षांपुरती म्हणून सांगण्यांत आली होती. दोन वर्षें गेलीं, दहा गेलीं, वीस गेलीं. तरुण माणसें कामासाठीं दूरच्या प्रांतांत निघून गेलीं आणि त्या दशकांत प्रांताची लोकसंख्या सुमारें दहाव्या हिश्शानें घटली. व्यापारी मासेमारी पुन्हा रीतसर खुली झाली ती २०२४ च्या जून महिन्यांत, बत्तीस वर्षांनीं; आणि तीहि १८ हजार टनांच्या मर्यादेनें.

या कथेंतील चूक समजण्यास पेढीवरील ठेवीचा दृष्टांत पुरेसा आहे. साठा हें मुद्दल आणि दरसाल होणारी वाढ हें त्याचें व्याज. व्याज तेवढें काढून घ्यावें, मुद्दलाला हात लावूं नये, हा झाला नियम. परंतु या पेढीचा व्यवहार थोडा विचित्र आहे. मासे अति दाट झाले म्हणजे ते एकमेकांच्या अन्नाच्या आड येतात आणि वाढ मंदावते. अति विरळ झाले म्हणजे अंडीं घालणाऱ्या माद्याच उरत नाहींत. या दोहोंच्या मध्यें कोठें तरी अशी एक स्थिति असते कीं, जींत वार्षिक वाढ सर्वांत अधिक होते. तेवढीच वाढ काढून घेणें याला मत्स्यशास्त्रांत महत्तम टिकाऊ उत्पन्न म्हणतात. १९८२ सालच्या समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करारानेंहि हेंच प्रमाण मानलें आहे. अडचण इतकीच कीं, या पेढीच्या खातेवहीचें दर्शन कोणालाहि घडत नाहीं. शास्त्रज्ञ ठराविक जागीं ठराविक जाळें ओढून नमुने घेतात. बंदरावर उतरलेल्या मासळीची मोजदाद ठेवतात. माशाच्या कानांतील बारीक अस्थिखंड कापून, झाडाच्या बुंध्यांतील वलयांप्रमाणें त्यांतील वलयें मोजतात आणि माशाचें वय ठरवितात. एखाद्या साठ्यांत म्हातारे मासे दिसेनासे झाले आणि सारा भार दोन-तीन वर्षांच्या पोरांवर आला, म्हणजे मुद्दल खर्चीं पडूं लागलें असें समजावें. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणें, ज्या समुद्री साठ्यांचा असा हिशेब झाला आहे त्यांपैकीं ३७.७ टक्के साठे प्रमाणाबाहेर उपसले गेले होते.

हिशेब हातीं आल्यावर कायद्याचें काम सुरू होतें. विणीच्या काळांत समुद्र बंद ठेवणें, जाळ्याच्या आसाचा आकार ठरविणें, अमुक मापाहून लहान मासा धरण्यास मनाई करणें, कांहीं क्षेत्रें व कांहीं साधनें वर्ज्य करणें, नौकांचे परवाने मर्यादित करणें, हे उपाय जवळजवळ सर्व देशांत आहेत. वर्षाची एकूण मर्यादा ठरविणें हा त्यांपैकीं सर्वांत थेट उपाय. पण केवळ एकूण मर्यादा ठरविली तर ती संपण्यापूर्वीं आपला वाटा उचलावा म्हणून नौकांची शर्यत लागते, वाईट हवेंतहि तांडेल समुद्रांत घुसतो आणि महिन्याची मासळी आठवड्यांत येऊन पडते. म्हणून न्यूझीलंडनें १९८६ सालीं प्रत्येक धंदेवाल्याचा वाटा स्वतंत्र ठरवून दिला, आणि तो विकतांहि येतो. यानें शर्यत थांबली. मात्र ज्याच्यापाशीं पैसा, त्याच्यापाशीं वाटे गोळा होऊं लागतात, हा त्या पद्धतीवरचा आक्षेपहि खोटा नाहीं.

आणखी एक गोष्ट कायद्याच्या हातांत नसते. समुद्राला बांध नाहींत. ईशान्य अटलांटिक महासागरांतील बांगडा या शतकांत अधिक उत्तरेकडे व पश्चिमेकडे सरकला आणि आइसलंडच्या समुद्रांत विपुल दिसूं लागला. मासा आमच्या दारीं आला, तेव्हां वाटाहि आमचा, असें आइसलंडचें म्हणणें. जुन्या वाटेकऱ्यांना तें मान्य होईना. प्रत्येक देशानें आपापला वाटा स्वतः ठरविला, प्रत्येकाला तो न्याय्यच वाटला आणि सर्वांची बेरीज शास्त्रज्ञांनीं सांगितलेल्या मर्यादेच्या पलीकडे गेली.

सरकारें अशीं अडतात तेव्हां बाजाराकडून कांहीं करतां येईल काय, या विचारांतून प्रमाणपत्राची पद्धति निघाली. कॉडच्या नाशानंतर थोड्याच वर्षांनीं, १९९७ सालीं, युनिलिव्हर ही गोठविलेल्या मासळीचा मोठा व्यापार करणारी कंपनी आणि वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर ही निसर्गरक्षक संस्था या दोघांनीं मिळून मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल स्थापन केलें. एकीला मासळी संपली तर धंदा बुडण्याची चिंता, दुसरीला समुद्राची चिंता. हेतु निराळे, पण वाट एक. १९९९ पासून ही संस्था दोघांपासून स्वतंत्र झाली. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील शेवंडाची मासेमारी आणि टेम्स नदीच्या मुखाजवळील हेरिंगची मासेमारी यांना २००० सालीं तिचीं पहिलीं प्रमाणपत्रें मिळालीं. युरोपांतील दुकानांत मासळीच्या डब्यावर जें माशाच्या आकृतीचें निळें चिन्ह दिसतें तें हिचेंच.

ही संस्था स्वतः परीक्षा घेत नाहीं. ती केवळ कसोट्या ठरविते. परीक्षा घेणाऱ्या मंडळ्या निराळ्या असतात. कसोटीचीं अंगें तीन आहेत: साठा सुस्थितींत आहे काय, मासेमारीमुळें तळाची, इतर जीवांची, कांसवें-पक्ष्यांची हानि होते काय, आणि नियम करणारी व ते पाळावयास लावणारी व्यवस्था तेथें आहे काय. या तीन अंगांखालीं सुमारें अठ्ठावीस प्रश्न असून प्रत्येकास शंभरांपैकीं गुण देतात. एकाहि प्रश्नास ६० हून कमी गुण पडले तर सर्वच अर्ज फेटाळला जातो. प्रत्येक अंगाची सरासरी ८० असावी लागते. ६० व ८० यांच्यामध्यें जेथें गुण पडले असतील तेथें ठराविक मुदतींत सुधारणा करण्याची अट घालून प्रमाणपत्र देतात. त्याची मुदत पांच वर्षांची असते आणि दरसाल तपासणी होते. अहवाल प्रसिद्ध करावा लागतो व त्याला आक्षेप घेण्याची मुभा इतर संस्थांना असते. एवढ्यानेंहि भागत नाहीं. नौकेपासून दुकानापर्यंत माल ज्यांच्या ज्यांच्या हातून जातो त्या प्रत्येकानें चिन्हांकित मासळी निराळी ठेवल्याची नोंद दाखवावी लागते. तसें नसतें तर चांगल्या नांवाखालीं कोणताहि माल विकला गेला असता.

प्रमाणपत्र मिळणें सोपें नाहीं. पण तें परत घेतलें जातें काय, हीच त्याची खरी परीक्षा. उत्तर समुद्रांतील कॉडला तें २०१७ सालीं मिळालें; साठा सुधारल्याचा तो पुरावा मानला गेला. दोनच वर्षांनीं नवे हिशेब वाईट आले आणि ऑक्टोबर २०१९ मध्यें तें स्थगित झालें. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत, वर सांगितलेल्या बांगड्याचेंहि झालें. बांगड्याच्या बाबतींत एखाद्या नाखव्यानें नियम मोडला असें नव्हे. सरकारांचें आपसांत पटलें नाहीं, त्याचा दंड नौकावाल्यांना भोगावा लागला. तो न्याय कीं अन्याय, याविषयीं मतभेद होण्यासारखे आहेत. सरकारांवर दडपण आणण्याचें दुसरें साधन बाजारापाशीं नव्हतें, हेंहि खरें.

आक्षेप आणखीहि आहेत. परीक्षेचा खर्च मासेमारी करणाऱ्यानें द्यावयाचा. तेव्हां परीक्षक आपल्या गिऱ्हाइकाशीं किती कठोर राहील? चिन्ह वापरणाऱ्या व्यापाऱ्यांकडून मिळणारें शुल्क हें संस्थेच्या उत्पन्नाचें मुख्य साधन. तेव्हां चिन्हें वाढावीं असें तिला वाटणारच. सर्वांत जड आक्षेप गरीब देशांतून येतो. ज्यांच्यापाशीं संशोधनाच्या नौका, वर्षानुवर्षांचे आंकडे आणि पैसा आहे त्यांनाच हें प्रमाणपत्र सुलभ. एकेका खेपेंत पंचवीस जातींची मासळी आणणाऱ्या आणि एकाच बंदरांत शेंकडों लहान नौका असणाऱ्या उष्ण प्रदेशांतील कोळ्यानें हा हिशेब कसा मांडावा? प्रमाणपत्रें बहुतांशीं उत्तरेकडील श्रीमंत देशांतच आहेत, हें त्याचें फळ.

तथापि हिंदुस्थानांत तें मुळींच आलें नाहीं असें नाहीं. केरळांतील कोल्लम येथें अष्टमुडी नांवाची मोठी खाडी आहे. तेथें तिसऱ्यांच्या जातीचे शिंपले काढण्याचा धंदा चालतो आणि त्यावर हजारों माणसें पोट भरतात. परदेशांतून मागणी आली तसा उपसा वाढला. १९९१ सालीं उत्पन्न १० हजार टनांवर गेलें आणि दोन वर्षांत तें निम्म्यावर आलें. मात्र न्यूफाउंडलंडप्रमाणें येथें सर्वनाश होण्याची वाट पाहिली गेली नाहीं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ बंद ठेवण्याचें ठरलें, लहान शिंपले गळून पडतील असें ३० मिलिमीटर आसाचें जाळें ठरलें आणि निर्यातीच्या मांसाचें किमान माप ठरलें. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेनें हिशेब ठेवला. धंदा सांवरला आणि २०१४ च्या नोव्हेंबर महिन्यांत त्याला निळ्या चिन्हाचें प्रमाणपत्र मिळालें. हिंदुस्थानांतील तें पहिलें. पण खाडीचें पाणी प्रमाणपत्राच्या हुकमतींत नसतें. पुढें शिंपले पुन्हा घटले आणि २०२३ सालीं त्याच संस्थेला खाडींत लक्षावधि शिंपल्यांचें बीज सोडावें लागलें.

कोंकणच्या किनाऱ्यावर कायदा आहे तो १९८१ सालचा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अधिकारांत येते व त्यापुढील केंद्राच्या. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. पूर्वीं नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून ठेवीत, ती रूढि आणि हा कायदा यांचा रोख एकच. फरक एवढा कीं, पूर्वीं वादळाच्या भीतीनें थांबावें लागे आणि आतां मोठ्या यंत्राच्या नौकेला ती भीति पुरेशी नसते. २०१६ सालच्या आज्ञेनें पर्ससीन जाळ्यांना सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला. २०२१ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरांत गेले आणि निवाड्याचा अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आला. महसुलाच्या शेंकडों कामांत बुडालेल्या तहसीलदाराला जाळ्याचा आस मोजावयास सवड कोठली, हा प्रश्न तोंवर चाळीस वर्षें पडून होता.

२०२३ सालीं पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच्या घटीची तक्रार सातपाटीच्या मच्छीमारांनीं अनेक वर्षें केली होती. त्याच वर्षीं राज्यानें ५४ जातींच्या मासळीचीं किमान मापें जाहीर केलीं. त्यांत पापलेटाचें माप १३५ मिलिमीटर, म्हणजे साधारण सवापांच इंच आहे. बोंबलाचें १८० मिलिमीटर. परंतु पापलेट जाळ्यांतून वर येईपर्यंत बहुधा मेलेलें असतें. तें लहान निघालें म्हणून परत टाकलें तरी समुद्राला त्याचा उपयोग नाहीं. म्हणून हें माप बंदरावरच्या पट्टीनें पाळलें जावयाचें नाहीं. तें जाळें विणतांनाच पाळावें लागतें. भरती-ओहोटीच्या प्रवाहांत तोंड करून उभें केलेलें डोल जाळें शेवटीं इतकें बारीक विणलेलें असतें कीं, बोटाएवढें पिल्लूंहि त्यांतून सुटत नाहीं. तो आस जो मोठा करील त्याची आजची पाटी हलकी होईल, आणि सुटलेलें पिल्लूं शेजारच्या जाळ्यांत जाणार नाहीं याची हमी त्याला मिळत नाहीं. न्यूफाउंडलंडांत बंदी आल्यानंतर सरकारनें कोळ्यांना निर्वाहासाठीं पैसे दिले. डोल जाळ्याचा आस मोठा करणाऱ्याची हलकी पाटी कोणीं भरून द्यावयाची, याचें उत्तर मापांच्या यादींत नाहीं.